वाचायचं नाही

पट्ट्यावर वाचायचं नाही, हा पहिला नियम.
दुसरा, हातमोजे काढायचे नाहीत.
मी दोन्ही मोडते, पण एका वेळी एकच.

तळोज्याच्या शेडमध्ये रद्दी गाठींनी येते,
बेलापूरच्या ऑफिसांतली, खारघरच्या शाळांतली.
तार कापली की गाठ सुस्कारा टाकते
आणि मधूनच उडतो कुणाचा तरी इतिहासाचा पेपर,
"कारणे द्या", पुढे सगळं कोरं,
शंभरपैकी एकवीस.
मी पिन काढते.
पाकिटाची प्लॅस्टिकची खिडकी फाडते.
गुळगुळीत पावत्या बाजूला, त्या भिजत नाहीत धड.

खाली पल्पर फिरत असतो.
त्यात सगळे सारखे होतात, असं म्हणणार होते,
पण होत नाहीत.
लॅबमधली रेवती कडू भिंगाखाली दाखवते:
हा लांब तंतू, पहिल्यांदाच आलाय.
हा बघ तोकडा, सहा-सातदा जन्मलेला,
आता ह्याच्यात धरून ठेवायचा दम नाही.
मग त्याचं काय?
गाळात जातो. गाळाचे अंड्यांचे ट्रे होतात.

शाई हट्टी.
पूर्वी जालीम पावडर टाकायचे, डोळे चुरचुरायचे,
आता नुसती हवा सोडतात खालून.
बुडबुडे शाईला बिलगून वर येतात,
काळा फेस, त्यात सह्या, शिक्के, हरकती,
आणि एक फळी तो फेस ओढून नेते.

लग्नाच्या मांडवात आत्या विचारते,
"काय बनवतस गो तू?"
मी सांगते.
"कागदानी? आन् पानी काय आटलं का गो?"
सगळ्या हसतात. मीही हसते.
आमच्या मोरीत अजून तांब्याच आहे.

पण पाण्याचं विचारलंस म्हणून सांगते, आत्या,
आमच्याकडे एकच पाणी अकरा वेळा कामावर येतं.
गाळायचं, निवळायचं, परत धाडायचं.
कासाडीकडे जाणारा जुना पाइप वेल्ड करून बंद केलाय,
त्या जोडावर कुणीतरी हळदकुंकू लावून ठेवलंय.
का, ते मी विचारलं नाही.

माझा बाप मिठागरात होता, उलव्याच्या बाजूला.
कोंडीत पाणी घ्यायचं, उन्हाला द्यायचं,
उरेल ते फळीने ओढायचं.
इथे तापलेल्या ड्रमवर ओला लगदा चिकटतो,
एका फेरीत सुकतो,
आणि पातं त्याला खरवडून काढतं.
खरवडताना कागदाला बारीक चुण्या पडतात,
त्या चुण्यांमुळेच तो मऊ.
पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा
जिभेवर खारट आलं होतं.

गेल्या मंगळवारी एक फाइल आली.
साडेबारा टक्क्यांची.
आमच्याकडे हा आकडा कशाचा ते लहान पोरही सांगतं,
जमीन गेली, त्या बदल्यातला तुकडा.
अर्ज, जोडपत्र, अर्जाची प्रत, प्रतीची प्रत.
अर्जदार जोमा नागू,
आडनावावर पिन गंजून भोक.
खाली जांभळा अंगठा.

आमच्या गावात जोमा नागू तीन होते.
एक माझा बाप.

हातमोजा काढला.
अंगठ्यावर अंगठा ठेवून पाहिला,
त्याने काय कळणार होतं, काही नाही.
पट्टा थांबत नाही. पलीकडून शकीला ओरडली,
"अगं, तुझ्या बाजूला ढीग साचलाय!"

दुपारी रेवतीला विचारलं,
अंगठ्याची शाई जरा उशिरा सुटते का?
ती म्हणाली, शाई ती शाई.
मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,
स्टॅम्पपॅडची थोडी चिवट असते.

रात्रपाळीचा रोल किंचित करडा निघाला.
गिऱ्हाइकाला चालतो, हल्ली करडाच मागतात,
वाशीच्या मॉलमध्ये वगैरे.
कुणी हात पुसेल, कुणी आणखी काही,
आणि कुणीच वाचणार नाही. नियमच आहे.

पिन मात्र माझ्या ओढणीच्या गाठीत आहे.
लोखंड निळ्या डब्यात टाकायचं,
हा तिसरा.